'पुन्हा उभारलेले' कॅथीड्रल : मनिलाच्या मुख्य ख्रिस्तमंदिराच्या इतिहासकथनाची चिकित्सा

प्रस्तावना

फिलिपिन्सची राजधानी मनिला या शहराच्या जुन्या तटबंद भागास इंट्रामुरोस असे नाव आहे. पासिग नदीच्या मुखालगतच्या या भागात पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेले रोमन कॅथलिक कॅथीड्रल उभे आहे. १५८१ ते १९५८ या काळात हे कॅथीड्रल आठ वेळा बांधले गेले, असे सर्वत्र सांगितले जाते. वादळ, आग, भूकंप किंवा युद्ध यांनी ते जमीनदोस्त करावे आणि श्रद्धावंतांनी ते पुन्हा उभारावे, असा या कथेचा साचा आहे. प्रवासी पुस्तिका, स्मरणिका आणि उत्सवप्रसंगीची भाषणे यांतून तो इतका रुळला आहे की 'आठ' हा आकडा या वास्तूचे जणू विशेषणच होऊन बसला आहे. कॅथीड्रलच्या कांस्याच्या मुख्य दारावरही इटालियन शिल्पकार अलेस्सांद्रो मोन्तेलेओने यांनी याच उभारणीच्या आणि विध्वंसाच्या इतिहासातील प्रसंग घडविले आहेत. आत पाऊल टाकणाऱ्यास प्रथम भेटते ती ही कथा, वास्तू नंतर.

प्रस्तुत लेखात या कथेची चिकित्सा करावयाची आहे. श्रद्धेची खरी-खोटी पारख करणे हा तिचा हेतू नाही. काय मोजले गेले, काय मोजणीतून वगळले गेले आणि प्रत्येक पुनर्बांधणीचा निर्णय कोणी, कोणाच्या श्रमांवर, कशासाठी घेतला, एवढेच पाहावयाचे आहे. सर्व आपत्ती एकाच माळेत ओवल्या की त्यांतील फरक पुसला जातो. भूकंपाला कर्ता नसतो, युद्धाला असतो. वाऱ्याने उडालेले छप्पर आणि तोफगोळ्यांनी फोडलेली भिंत यांची गणना एकाच रकान्यात करणारा इतिहास कोणाला तरी उत्तरदायित्वातून मोकळे करीत असतो.

आकड्यामागील हिशेब

रूढ सनावळी थोडक्यात अशी आहे. मिगेल लोपेझ दे लेगास्पी याने १५७१मध्ये स्पॅनिश मनिला वसविली आणि त्याच सुमारास बांबू, लाकूड व निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाची पाने यांचे एक साधे चर्च उभे राहिले. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५७९मध्ये मनिला धर्मप्रांताची स्थापना केली. पहिले बिशप, डॉमिनिकन संघाचे दोमिंगो दे सालाझार, १५८१मध्ये येऊन पोहोचले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. १५८२च्या वादळात त्याचे नुकसान झाले व १५८३च्या आगीत ते नष्ट झाले. दुसरे, दगडी कॅथीड्रल १५९२चे. ते १६००च्या सुमाराच्या भूकंपांत गेले. तिसरे १६१४चे, ते १६४५च्या भूकंपात कोसळले. चौथे १६७१मध्ये पूर्ण झाले व १७५१मध्ये उतरविण्यात आले. पाचवे १७६० ते १८५२, सहावे १८५८ ते १८६३, सातवे १८७९ ते १९४५, आणि आठवे १९५८मध्ये आशीर्वादित झालेले, आज उभे असलेले.

ही यादी वरवर निर्दोष वाटते. परंतु तिच्याकडे जरा बारकाईने पाहिले की मोजणीचा एकच एक निकष हाती लागत नाही. चौथे कॅथीड्रल कोणत्याही आपत्तीने पाडलेले नाही. ते जीर्ण झाले म्हणून माणसांनीच उतरविले. 'सहावे' कॅथीड्रल म्हणजे १८५२च्या भूकंपाने खिळखिळ्या झालेल्या पाचव्याची डागडुजी होती, तरी तिला स्वतंत्र क्रमांक मिळाला. याउलट १८८०च्या जुलै महिन्यात झालेल्या भूकंपांत सातव्या कॅथीड्रलचा घंटामनोरा गेला आणि पुढे तब्बल ७८ वर्षे हे कॅथीड्रल मनोऱ्यावाचून राहिले, तरी तो आघात क्रमांक बदलण्याइतका मोठा मानला गेला नाही. सातवे सातवेच राहिले. तात्पर्य, 'आठ' हा आकडा मोजून सापडलेला नाही. सांगण्याच्या सोयीने तो ठरला आहे.

मराठीत अशा प्रसंगी 'जीर्णोद्धार' हा शब्द सहज ओठांवर येतो. त्या शब्दात काळाने झिजलेल्या वास्तूला पुन्हा तेज देण्याचा भाव आहे. आघात, मृत्यू, ढिगारा यांना त्यात जागा नाही. मनिलाच्या बाबतीत हा शब्द नेमकेपणाने लागू पडतो तो केवळ अठराव्या शतकातील बांधणीला. फ्लॉरेन्सहून आलेले थिएटाइन संघाचे धर्मगुरू हुआन दे उगुच्चोनी यांनी त्या वेळी घुमटासह नवी रचना केली. रोममधील जेझू चर्चशी तिचे साम्य असल्याचे सांगितले जाते. उरलेल्या सर्व प्रसंगी जे घडले त्याला जीर्णोद्धार म्हणणे म्हणजे ढिगाऱ्यावर चादर घालणे होय.

या सनावळीत दडलेली आणखी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. ती इमारती मोजते, मधली वर्षे मोजत नाही. १५८३ ते १५९२ अशी नऊ, १६०० ते १६१४ अशी चौदा, १६४५ ते १६७१ अशी सव्वीस, नंतर अनुक्रमे नऊ, सहा, सोळा आणि तेरा. रूढ सनावळी जशीच्या तशी धरून बेरीज केली तर ती ९३ वर्षांची होते. १५८१पासून १९५८पर्यंतच्या ३७७ वर्षांपैकी सुमारे चतुर्थांश काळ मनिलाला पूर्ण उभे असे कॅथीड्रल नव्हतेच. आर्चबिशप मिगेल दे पोब्लेते यांनी १६५४मध्ये चौथ्या कॅथीड्रलचे काम आरंभिले. १६६७मध्ये ते निवर्तले तेव्हा ते अपुरेच होते. १६४५च्या भूकंपात लहान असलेल्या माणसाने प्रौढ होऊन आपल्या मुलांचा बाप्तिस्मा करवून घेईपर्यंत त्या जागी काम चालूच होते. 'पुन्हा उभे राहिले' या तीन शब्दांत ती सव्वीस वर्षे क्षणार्धात ओलांडली जातात.

मग इतका काळ टिकले ते काय? 'कॅथीड्रल' हा शब्द ज्या 'कॅथेद्रा'वरून आला त्याचा अर्थ आसन असा आहे. बिशपांचे आसन जेथे ते कॅथीड्रल. चर्चच्या दृष्टीने सातत्य असते ते या आसनाचे, दगडांचे नव्हे. आर्चबिशप बदलले, राज्ये बदलली, आसन चालू राहिले. १५९५मध्ये मनिला मेक्सिकोच्या अधिपत्यातून निघून स्वतंत्र महाधर्मप्रांत झाले, तेव्हा हे आसन आणखी उंच झाले. 'एकच कॅथीड्रल आठ वेळा' हे विधान संस्थेच्या बाजूने पाहता खरे आहे, वास्तूच्या बाजूने पाहता नाही. लोकप्रिय कथन या दोन्ही बाजूंची गल्लत करते आणि संस्थेचे सातत्य वास्तूच्या अंगी चिकटविते.

उपायातून उपजलेली आपत्ती

१५८३ची आग कॅथीड्रलमध्ये लागली नव्हती. गव्हर्नर-जनरल गोन्झालो रोंकिलो दे पेन्यालोसा यांच्या अंत्यविधीच्या वेळी सान अगुस्तिन चर्चमध्ये मेणबत्तीने पेट घेतला आणि पाहता पाहता बांबू-निपाचे सारे शहर जळाले. या आगीतून शहराच्या कारभाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता. यापुढे दगडच वापरावा. अंतोनिओ सेदेन्यो या जेझुइट धर्मगुरूने दगड घडविणे, चुना भाजणे, कौले तयार करणे या कामांस चालना दिली. बिशप सालाझार यांनीही दगडी बांधकामाचा आग्रह धरला. मनिला परिसरात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, घडवायला मऊ असा दगड विपुल मिळे. त्याला तेथे 'अदोबे' म्हणतात. शहराबाहेरच्या परियान वस्तीत राहणाऱ्या चिनी कारागिरांची सालाझार यांनी १५९०मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात मोठी वाखाणणी केली आहे. त्याच चिनी समाजाची १६०३मध्ये मनिलात कत्तल झाली. स्पॅनिश मनिलाच्या दगडी वैभवाचे वर्णन करताना ही दोन वर्षे शेजारी ठेवण्याची प्रथा नाही.

दगडाने आगीला उत्तर दिले खरे, पण भूकंपाला आमंत्रणही दिले. बांबूचे घर हादऱ्याबरोबर डोलते. चुन्यात बांधलेली उंच दगडी भिंत डोलू शकत नाही, ती उकलते, आणि तिच्यावरचे जड छप्पर आतल्या माणसांवर येते. १५८३पूर्वी मनिलाला भूकंपांची इतकी भीती नसावी, याचे कारण जमीन शांत होती असे नव्हे. पडण्याजोगे फारसे काही उभे नव्हते. ३० नोव्हेंबर १६४५ला, संत आंद्रेयाच्या सणादिवशी झालेल्या भूकंपाने ही चूक पुरती उघडी पाडली. शहरातील शेकडो माणसे मेली, त्यांतील बहुतेक दगडाखाली. एका आपत्तीवरील उपाय दुसऱ्या आपत्तीचे कारण झाला. 'आपत्तींवर मात' या कथेत ही कार्यकारणसाखळी कोठेच दिसत नाही; तेथे प्रत्येक आपत्ती बाहेरून, अनाहूत येते.

सामान्य घरांनी मात्र धडा घेतला. खालचा मजला दगडाचा, वरचा लाकडी सांगाड्यावर पेललेला, अशी मिश्र बांधणी फिलिपिन्समध्ये रुजली. भिंत पडली तरी सांगाडा छप्पर धरून ठेवी. प्रांतोप्रांतीची चर्चे बुटकी, रुंद आणि प्रचंड आधारभिंतींची झाली. इलोकोस प्रांतातील पाओआय येथील चर्च हे त्याचे नामांकित उदाहरण आहे. कलेतिहासात या शैलीला 'भूकंप-बरोक' असे नाव पडले. कॅथीड्रलची अडचण अशी होती की ते बुटके होऊ शकत नव्हते. मुख्य चौकात गव्हर्नरच्या वाड्याशेजारी उभ्या असलेल्या इमारतीला उंची, घुमट आणि मनोरा हवाच होता. प्रतिष्ठेची ही गरज वास्तुशास्त्राच्या आड आली असे म्हणणे धाडसाचे ठरू नये. याच इंट्रामुरोसमध्ये काही मिनिटांच्या अंतरावर सान अगुस्तिन चर्च आहे. ज्याच्या पूर्वावतारातून १५८३ची आग निघाली त्याच चर्चची १६०७मध्ये पूर्ण झालेली जाड भिंतींची इमारत १६४५, १८६३, १८८० आणि १९४५ या साऱ्यांतून तगली. गेला तो तिचा एक मनोरा. १९९३पासून ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. ती 'पुन्हा उभी' राहिली नाही म्हणून तिच्याविषयी अशी कथा रचली गेली नाही. न पडणाऱ्या इमारतीला चरित्रकार मिळणे कठीणच.

श्रमांचा प्रश्न येथेच येतो. स्पॅनिश अमलात 'पोलो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेठबिगारीत सोळा ते साठ वयाच्या स्थानिक पुरुषांना वर्षातून चाळीस दिवस सरकारी कामावर राबावे लागे. १८८४मध्ये ही मुदत पंधरा दिवसांवर आली. जंगलातील लाकूडतोड, जहाजबांधणी, रस्ते, पूल आणि चर्चे ही सारी कामे याच श्रमांतून होत. राजा चर्चचा आश्रयदाता असल्याने खर्चाचा भार राजकोशावर, म्हणजे अखेर करांवर, आणि मनिला-अकापुल्को व्यापारातून श्रीमंत झालेल्यांच्या देणग्यांवर पडे. 'श्रद्धावंतांनी पुन्हा उभारले' या वाक्यातील कर्ता म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. पोब्लेते, उगुच्चोनी ही नावे उरली. दगड वाहणाऱ्यांची उरली नाहीत, आणि त्यांतील किती जण राजीखुशीने आले होते हे त्या वाक्यावरून कळत नाही.

३ जून १८६३

कॅथीड्रलच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण दिवस कोणता, असा प्रश्न केला तर उत्तर ३ जून १८६३ असे द्यावे लागेल. ख्रिस्तशरीराच्या सणाची पूर्वसंध्या होती. सायंप्रार्थनेच्या वेळी धरणीकंप झाला आणि छप्पर कोसळले. आत गाडले गेलेल्यांत फादर पेद्रो पेलाएझ होते.

पेलाएझ यांचा जन्म १८१२चा, लागुना प्रांतातील पाग्सान्हान येथला. आर्चबिशपांचे पद रिक्त असताना महाधर्मप्रांताचा कारभार त्यांनी सांभाळला होता. फिलिपिन्समधील चर्च तेव्हा दोन गटांत विभागलेले होते. एका बाजूला अगस्तिनी, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, रिकलेक्ट हे बहुतांशी स्पेनहून येणारे संन्यस्त संघ. दुसऱ्या बाजूला बिशपांच्या थेट अधिकारातील धर्मप्रांतीय धर्मगुरू, ज्यांत याच भूमीत जन्मलेल्यांची संख्या वाढत होती. गावोगावची चर्चे कोणाच्या ताब्यात असावीत यावर त्यांचा झगडा होता. १८६१च्या राजाज्ञेने धर्मप्रांतीय धर्मगुरूंकडील काही चर्चे रिकलेक्टांना दिली, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत पेलाएझ अग्रभागी होते. संन्यस्त संघांची आपापली भव्य चर्चे इंट्रामुरोसमध्ये होती. कॅथीड्रल हे या दुसऱ्या गटाचे घर होते. म्हणून १८६३ला जे कोसळले ते केवळ घुमट आणि भिंती नव्हते. एका चळवळीचा नेता त्याच्याच घराच्या छपराखाली मेला.

नंतर जे घडले ते भूकंपाने घडविलेले नाही. मृत्यूनंतर पेलाएझ यांच्यावर स्पेनविरोधी उठावाचा कट केल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांचे शिष्य होसे बुर्गोस यांनी १८६४मध्ये स्पेनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निनावी जाहीरनाम्यात त्यांची आणि स्थानिक धर्मगुरूंची बाजू मांडली. सातव्या कॅथीड्रलचे काम १८७०मध्ये सुरू झाले. दोन वर्षांनी, कॅव्हिते येथील १८७२च्या बंडाचे निमित्त करून, बुर्गोस, मारियानो गोमेझ आणि हासिंतो सामोरा या तीन धर्मगुरूंना १७ फेब्रुवारीस बागुंबायान मैदानावर गळा आवळून जाहीरपणे ठार करण्यात आले. त्यांना धर्मगुरुपदावरून भ्रष्ट करण्यास आर्चबिशप मेलितोन मार्तीनेझ यांनी नकार दिला होता. होसे रिझाल यांनी १८९१मधील आपली 'एल फिलिबुस्तेरिस्मो' ही कादंबरी या तिघांना अर्पण केली. बुर्गोस हे कॅथीड्रलच्याच धर्मगुरुवर्गातले. एकीकडे नव्या कॅथीड्रलच्या भिंती चढत होत्या आणि दुसरीकडे, तटाबाहेर फार दूर नाही, त्याचाच एक धर्मगुरू मारला जात होता. १८७९मध्ये वास्तूचा आशीर्वादविधी झाला. सनावळीत १८६३ व १८७९ या दोन तारखा लगोलग येतात. १८७२ ही तारीख इमारतीची नाही म्हणून तिला जागा मिळत नाही.

१८६३च्या भूकंपाने कॅथीड्रलसमोरच्या चौकातील गव्हर्नरचा वाडाही पाडला. वसाहत सरकारने तो तेथे पुन्हा बांधला नाही. गव्हर्नर पासिग नदीकाठच्या मालाकान्यांग येथे राहावयास गेला आणि सत्तेचे केंद्र कायमचे तिकडेच राहिले. म्हणजे एकाच चौकात, एकाच रात्री पडलेल्या दोन इमारतींपैकी एक हलविली गेली, दुसरी जागेवर उभारली गेली. जागेवर उभारणे हा अटळ नियम नव्हता, तो निर्णय होता. त्याच चौकाचा पुढचा इतिहासही मासलेवाईक आहे. देवीची लस वसाहतीत पाठविल्याबद्दल १८२४मध्ये तेथे स्पेनचा राजा चौथा कार्लोस याचा पुतळा उभारला गेला होता. विसाव्या शतकात काही काळ त्याच्या जागी बुर्गोस, गोमेझ, सामोरा यांचे स्मारक आले. कालांतराने ते अन्यत्र हलले आणि राजा आपल्या जागी परतला. आज कॅथीड्रलच्या दारातून बाहेर पडणाऱ्यास समोर दिसतो तो राजा.

युद्ध आणि ओकांपो यांचे कॅथीड्रल

१९४५च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत सातवे कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. महिनाभराच्या या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. जपानी सैन्याने केलेल्या हत्याकांडांत असंख्य मेले. अनेक अमेरिकी तोफखान्याच्या माऱ्यात मेले. २३ फेब्रुवारीला इंट्रामुरोसवर चढाई करण्यापूर्वी अमेरिकी तोफांनी या भागाला भाजून काढले होते. मुक्तिदाते आणि जुलमी अशा दोघांचाही हात ज्या विध्वंसाला लागला आहे, तो सांगणे अवघड असते. त्याला 'वादळ, आग, भूकंप, युद्ध' अशा यादीत शेवटची जागा दिली की अवघडपणा संपतो. आठांच्या कथेचा सर्वांत मोठा दोष हाच.

युद्धानंतर इंट्रामुरोस ओसाड पडले. डॉमिनिकनांनी सांतो दोमिंगो चर्च क्वेझोन सिटीत नव्याने बांधले; लूर्द मातेचे चर्चही तिकडेच गेले. आर्चबिशप मायकल ओडोहर्टी या आयरिश धर्माधिकाऱ्याने महाधर्मप्रांताचे केंद्र मंदालुयोंगला हलविण्याचा विचार केला होता. व्यवहारदृष्ट्या तो चुकीचा नव्हता, कारण माणसे तटाबाहेर गेली होती. जुन्या जागीच बांधावयाचे हा निर्णय झाला तो आर्चबिशप रुफिनो सान्तोस यांच्या काळात. हे दुसरे फिलिपिनो आर्चबिशप. १९६०मध्ये ते देशाचे पहिले कार्डिनल झाले. १९५४ ते १९५८ या काळात वास्तुकार फर्नांदो ओकांपो यांच्या आराखड्याप्रमाणे बांधकाम झाले. पंपांगा प्रांतात जन्मलेल्या ओकांपो यांचे वास्तुशिक्षण अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाले होते. पौने चार शतकांत प्रथमच निर्णय फिलिपिनो आर्चबिशपांचा आणि आराखडा फिलिपिनो वास्तुकाराचा होता. आठव्या कॅथीड्रलचे खरे वेगळेपण आधीच्या सातांहून येथे आहे. क्रमांकाने ते झाकले जाते.

ओकांपो यांनी जे बांधले त्याचे मूल्यमापन दोन अंगांनी व्हावयास हवे. रचनेच्या अंगाने ते चोख आहे. आरसीसीचा सांगाडा, त्याला रोमनेस्क धाटणीच्या अर्धगोल कमानींचे रूप, घुमट आणि १८८०पासून हरवलेला मनोरा. दर्शनी भागात त्यांनी सातव्या कॅथीड्रलची आठवण राखली. लांबून पाहणाऱ्याला इमारत जुनी वाटते, तिच्या नसांत मात्र लोखंड आहे. जो डोलारा दगडाने तीन शतके पेलवला नाही, तो या तंत्राने पेलला. आतील रंगीत काचचित्रे गालो ओकांपो यांची आहेत. मरियेला फिलिपिनो स्त्रीच्या रूपात दाखविणारे १९३८चे 'ब्राउन मॅडोना' हे चित्र रंगविणारे तेच चित्रकार. युरोपीय धाटणीच्या या वास्तूत स्थानिक दृष्टी शिरली ती भिंतींतून नव्हे, काचांतून. येथे काही अभ्यासकांना नवस्वतंत्र राष्ट्राने स्वतःची शैली शोधण्याची संधी दवडली असे वाटणे शक्य आहे. ती टीका पूर्णतः पटत नाही. ज्यांनी घर, नातलग आणि गल्लीबोळ एका महिन्यात गमावले, त्यांना निदान एक ओळखीचा दर्शनी भाग परत हवासा वाटला, तर त्यात सौंदर्यदृष्टीचा अभाव शोधणे कठोरपणाचे होईल.

दुसरे अंग स्मृतीचे आहे, आणि तेथे आक्षेप घ्यावाच लागतो. याच सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे बॉम्बहल्ल्यात जळालेल्या कॅथीड्रलचे भग्नावशेष तसेच ठेवून शेजारी नवे उभारण्यात आले. ते १९६२मध्ये खुले झाले. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म स्मारक चर्चचा फुटका मनोरा राखला गेला. मनिलाने जखम बुजविली, आणि इतकी बेमालूम की ती कोठे होती हे सांगावे लागते. नागरी मृतांचे स्मारक इंट्रामुरोसमध्येच, प्लाझा दे सांता इझाबेल या छोट्या चौकात उभे राहिले ते १९९५मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. त्यावरील मजकूर निक होआकिन यांचा आहे. कॅथीड्रलपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तथापि वास्तूचा विजय सांगणारी कथा आणि माणसांचा मृत्यू सांगणारा दगड यांच्यामधले ते अंतर वाटते तितके लहान नाही. १९४५मध्ये जे गेले त्यांतील इमारत तेवढी परत येण्याजोगी होती. ती आली आणि तिनेच गोष्ट संपविली.

१९५८नंतरचा काळ मानसन्मानांचा आहे. १९७०मध्ये पोप सहावे पॉल, १९८१मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि २०१५च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस येथे येऊन गेले; १९८१मध्ये कॅथीड्रलला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. चिकित्सेच्या दृष्टीने या साऱ्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते २०१२. त्या वर्षी कॅथीड्रलची दारे बंद झाली. कोणताही भूकंप त्याला पाडून गेला नव्हता. पुढे येणाऱ्या भूकंपात वास्तू टिकावी म्हणून तिचे मजबुतीकरण करावयाचे होते. आधीच्या बहुतेक खेपांना माणसे पडलेल्या छपराकडे पाहून कामाला लागली होती. या खेपेस छप्पर उभे असताना लागली. काम दोन वर्षे चालले आणि एप्रिल २०१४मध्ये कॅथीड्रल पुन्हा खुले झाले. १८५८च्या डागडुजीला 'सहावे कॅथीड्रल' म्हणणाऱ्या परंपरेने या कामाला 'नववे' म्हटले नाही.